दत्तकृपाचा ताणांक

मुंबईला आशियाचं व्यापारकेंद्र करायचं, तर आधी मुलुंड पूर्वेतल्या अठ्ठावीस बिऱ्हाडांनी शांत व्हायला हवं, हे २०४१ सालच्या मार्चपर्यंत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. हेमंत चुरींच्या तर नाहीच.

चुरी 'जागतिक मुंबई कक्षा'त उपसंचालक होते. जगभरच्या कंपन्यांना पटवायचं, की आशियातलं मुख्य कार्यालय थाटायला मुंबईसारखी दुसरी जागा नाही, एवढंच कक्षाचं काम. त्यासाठी पुस्तिका काढायच्या, चित्रफिती दाखवायच्या, पाहुण्यांना समुद्रावर न्यायचं. समुद्रावर भरतीच्या वेळी. ओहोटीला पाहुण्यांना जेवायला बसवायचं. "शहर विकायचं म्हणजे खोटं बोलायचं नाही, वेळ साधायची," असं चुरी नव्या लोकांना सांगत. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांची वेळ कधी चुकली नव्हती. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांची गाडी सोसायटीच्या फाटकात शिरे. तिथेही ते सचिव होते. चौदा वर्षं. बिनविरोध.

मग नियम बदलले.

केंद्र ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जाहीर केलं, की पुस्तिका पुरे झाल्या. कंपन्या शहर बदलतात, माणसं तिथे जाऊन दोन वर्षांत आजारी पडतात आणि नोकऱ्या सोडतात. यापुढे ज्या शहरातली माणसं शांत, ते शहर केंद्र. आणि शांतता विचारून मोजायची नाही, कारण विचारलं तर सगळेच 'मजेत' म्हणतात. ती मोजायची सांडपाण्यात.

कल्पना साधी होती. माणूस घाबरला, चिडला, आतल्या आत कुढला, की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं रसायन रक्तात सोडतात. त्यातलं थोडं दोन-तीन तासांनी लघवीतून बाहेर पडतं. इमारतीच्या पाइपात नखाएवढी चकती बसवली, की ती दर दहा मिनिटांनी ते मोजते. कोणत्या घरातलं, हे तिला कळत नाही, इमारतीचं कळतं. पाणी ओतून पातळ करावं म्हणाल, तर चकती क्रिएटिनिनही मोजते. ते स्नायूंतून रोज जवळपास तेवढंच निघतं. पहिल्याला दुसऱ्याने भागलं, की पाइपात एक बादली ओतली की शंभर, याने काही फरक पडत नाही. सकाळी सगळ्यांचंच कॉर्टिसॉल चढतं, तेवढं यंत्र वजा करतं. उरतो तो ताणांक.

शहरातले चाळीस पाइप चिठ्ठ्या टाकून निवडायचे. चाळीस पाइपांची सरासरी काढायची नाही, प्रत्येकाची चोवीस तासांची काढायची. सगळ्यांत वाईट पाइपाचा आकडा तोच शहराचा आकडा. तो चाळीसच्या खाली हवा.

"चुरी, एकोणचाळीस पाइप उत्तम आहेत," कारखानीस मॅडम म्हणाल्या. त्या कक्षाच्या संचालक. "धारावी एकतीस. कोर्टामागची चाळ अडतीस. आणि एक पाइप एक्काहत्तर. ओळखा कुठला."

"चेंबूर?"

"दत्तकृपा, मुलुंड पूर्व."

चुरी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की मॅडम हसत नाहीयेत.

"शक्यच नाही, मॅडम. माझी इमारत आहे ती. चौदा वर्षांत तिथे कोणी आवाज चढवलेला नाही. जिन्यात चप्पलसुद्धा तिरकी नसते."

"मग तुमच्या ताब्यातलीच आहे म्हणायची. सहा आठवडे देते. केंद्र झालो, तर जागतिक प्रतिनिधीची खुर्ची तुमची."

सूचनाफलक, दत्तकृपा सहकारी गृहनिर्माण संस्था

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, दि. १ पासून सभासदांनी शांत राहावयाचे आहे. जे सभासद शांत राहणार नाहीत त्यांची नावे फलकावर लावण्यात येतील. रोज सकाळी ६ वाजता गच्चीवर सामूहिक प्राणायाम होईल. हजेरी घेतली जाईल. गच्चीवर येताना बाबागाडी जिन्यात ठेवू नये (खोली क्र. २०३ ने विशेष नोंद घ्यावी). अश्वगंधाचे लाडू वॉचमन दळवी यांच्याकडून सही करून घ्यावेत व त्यांच्यासमोर खावेत.
— हे. ग. चुरी, मानद सचिव

ताणांक: नोटिशीआधी ७१. नोटिशीनंतर ७४. प्राणायामानंतर ७९. लाडवांबद्दल मंडळाचं पत्र आलं, की औषधी द्रव्यं चकतीला ओळखू येतात, पुन्हा आढळल्यास शहर बाद.

चुरींनी संशयितांची यादी केली. वरच्या मजल्यावरचे गवाणकर काका: निवृत्त, पेटी वाजवायचे, नोटीस दिल्यापासून वाजवत नाहीत, पण मनात वाजवत असणार. २०३ मधली निकिता नाईक: लहान मूल, बाबागाडी, उलट उत्तरं. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर: पेशंटांची भीती त्यांच्याच पाइपात उतरत असेल का? स्वतःचं घर त्यांनी यादीत घेतलं नाही. घरी ताण कसला? बायको अश्विनी, ऐंशीच्या घरातली आई, तिघंच माणसं. ते घरी येत तेव्हा टीव्ही बंद असे, पानं मांडलेली असत, आई जप करत असे. अशी शांतता मुलुंडात शोधून सापडली नसती.

एप्रिलमध्ये त्यांना टोकियोला जायचं होतं. चार दिवस, गुंतवणूकदारांची परिषद.

"चारच दिवस?" आईने विचारलं.

चुरींना भरून आलं. "येतो गं लवकर."

"घाई नको करूस, हेमू. एवढ्या लांब जातोयस, तर बघून ये सगळं."

अश्विनीने बॅग आदल्या दिवशी दुपारीच भरून दाराशी ठेवली होती.

टोकियो, तिसरा दिवस

"मुंबई! शांत, सज्ज, सदैव!" चुरी व्यासपीठावरून म्हणत होते, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. कक्षातली तरुण तंत्रज्ञ पूर्वा ताम्हाणे हिचा निरोप. सर अभिनंदन!!! दत्तकृपा ३१!!! काय केलंत?

त्यांनी तो आकडा तिथल्या तिथे जाहीर केला. चारशे गुंतवणूकदार उभे राहिले. एका जपानी गृहस्थांनी जेवताना विचारलं, की एवढ्या दाट वस्तीत तीन दिवसांत हे साधलं तरी कसं? "शिस्त," चुरी म्हणाले.

खोलीवर आल्यावर त्यांनी पूर्वाला फोन लावला. "प्राणायाम लागू पडला वाटतं."

"सर, प्राणायामाला तुम्ही गेल्यापासून कोणीच आलेलं नाही. दळवींनी सांगितलं."

"मग?"

"मला तरी कसं कळणार, सर? थांबा, दोन महिन्यांचा तासवार आलेख पाठवते. तुमची इमारत आहे, तुम्हाला काही सुचतंय का बघा."

आलेख आला. सोमवार ते शनिवार रोज एक डोंगर. रात्री साडेनऊला शिखर. ताण पाइपात उतरायला दोन-तीन तास लागतात. म्हणजे मूळ सात-सव्वासातचं. असं सात-सव्वासातला इमारतीत रोज काय होतं? पाणी येत नाही. कचऱ्याची गाडी येत नाही. रविवारी डोंगर नव्हता, पठार होतं, सकाळपासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. मधले दोन दिवस मात्र सपाट. नऊ आणि दहा मार्च. त्या दोन दिवसांत काय झालं होतं म्हणून चुरींनी दैनंदिनी काढली.

नाशिक. कक्षाचं शिबिर.

ते पलंगावर बसले. दैनंदिनी मिटली. पुन्हा उघडली. तारखा त्याच होत्या.

चुरी घरी येतात, मंगळवार

वाईट वाटलं, तरी हातावर हात धरून बसणारा हा माणूस नव्हे. अंतिम मोजणीला नऊ दिवस होते. कारण सापडलं म्हणजे उपाय सापडला. आपणच शांत व्हायचं, की झालं!

फाटकातून शिरताना त्यांना वॉचमन दळवी घाईघाईने फोन खिशात घालताना दिसला. लिफ्टमध्ये निकिताची बाबागाडी होती. "राहू दे, राहू दे," चुरी म्हणाले आणि बाळाकडे बघून हसले. निकिताने बाळ छातीशी धरलं.

घरी दार उघडताच आई काहीतरी पदराखाली सारून जप करायला लागली. पदराखालून कुरकुर आवाज आला. पापड. चुरी काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातला दिवा आणि पंखा दोन्ही विनाकारण चालू होते. बोलले नाहीत. आमटीत मीठ नव्हतं. त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली आणि "वा!" म्हणाले.

अश्विनीच्या हातातली पळी थांबली.

"अहो, डॉक्टरांकडे गेला होता का तुम्ही?"

"नाही. का?"

"काही असेल तर स्पष्ट सांगा. मी घाबरणार नाही."

"काही नाहीये. मस्त झालीय आमटी."

"आई!" अश्विनी ओरडली. "यांच्या भावाला फोन लावा!"

तासाभरात गवाणकर काका, निकिता, दातांचे डॉक्टर असे सगळे विचारपूस करायला येऊन गेले. सचिवांनी बाबागाडीला काही म्हटलं नाही, ही बातमी गच्चीपर्यंत गेली होती. काहीतरी भयंकर घडलंय किंवा घडणार आहे, यावर एकमत झालं.

ताणांक: ९२.

"हॉटेल," कारखानीस मॅडम म्हणाल्या. "विमानतळाजवळ. आजपासून मोजणी संपेपर्यंत. घरी कामासाठी बाहेरगावी म्हणून सांगा. आणि चुरी, मनाला लावून घेऊ नका. मी घरी नसले की माझा कुत्रा जास्त जेवतो."

हॉटेल

पहिला दिवस ४७, दुसरा ३५, तिसरा २८. चुरी खिडकीतून विमानं बघत आणि ती वेळेवर सुटतात का हे घड्याळात पाहत. फोनवर चाळीसखालचा हिरवा आकडा आला, की आपलं शहर जिंकतंय म्हणून छाती फुगायची आणि लगेच आपल्याशिवाय जिंकतंय म्हणून बसायची. अश्विनीचा रोज फोन येई. आवाज मोकळा, मागे पेटीचे सूर. "तुम्ही निवांत करा काम," ती म्हणायची. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण आपल्याशी बोलताना ती श्वास रोखून धरते, हे त्यांना तिने तो सोडल्यावर कळलं.

आठव्या दिवशी, बुधवारी, पूर्वाचा फोन. "सर, चव्वेचाळीस! अचानक!"

"मी तर इथेच आहे."

"हो ना सर. म्हणूनच तर."

दळवीला विचारल्यावर कळलं. सचिव बाहेरगावी, तर हंगामी सचिव नेमू, असं कोणाच्या तरी मनात आलं. एका बाजूने गवाणकर काका उभे राहिले, दुसऱ्या बाजूने निकिता. मग जिन्यातला रंग, गच्चीच्या किल्ल्या, गणपतीत मांडव कुठे घालायचा, चौदा वर्षांत ज्याची चर्चाच झाली नव्हती ते सगळं एकदम वर आलं. उद्या गुरुवारी संध्याकाळी सहाला सर्वसाधारण सभा. आणि उद्या सकाळी सहापासून चोवीस तास अंतिम मोजणी.

"गेलात तर ब्याण्णव, नाही गेलात तर चव्वेचाळीस," कारखानीस मॅडमनी कपाळाला हात लावला. "मी काय करू तुमचं, चुरी? ऐका. उद्या सभेला जायचं, 'सभा तहकूब' एवढंच म्हणायचं आणि उलट पावली हॉटेलात. सगळे निमूट घरी जातील. थोडा आकडा वर येईल, पण चोवीस तासांच्या सरासरीत खपून जाईल."

मॅडमचं गणित बरोबर होतं. चुरींनी स्वतः दोनदा करून पाहिलं.

गुरुवार, सहा वाजून वीस मिनिटं

सभा वाहनतळावर होती. प्लास्टिकच्या खुर्च्या अर्धवर्तुळात. दळवीही सभेत रमला होता, त्यामुळे फाटकातून कोणी आलं हे कोणाला कळलं नाही.

चुरी खांबाआड थांबले. गवाणकर काका हात उंचावून ओरडत होते. निकिता त्यांच्यावर ओरडत होती. आई कोणाची तरी बाजू घेत होती, बहुधा दोघांची. आणि पहिल्या रांगेत अश्विनी हसत होती, तोंड उघडून, मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग तिला ते दिसले.

हसू गेलं. एकदम नाही, चादर घडी घालून कपाटात ठेवावी तसं, टोकाला टोक जुळवत. तिची पाठ ताठ झाली. काकांचा उंचावलेला हात खाली आला आणि कान खाजवू लागला. पाइपात उतरायला जे तीन तास घेतं, ते चुरींनी उघड्या डोळ्यांनी क्षणात उतरताना पाहिलं.

तहकूब म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"चालू द्या," ते म्हणाले.

दळवी घाईने उभा राहिला.

"मी घरी आलो की तुम्हा सगळ्यांना त्रास होतो. यंत्रात आलंय ते. कशाने होतो, ते मला यंत्राने सांगितलेलं नाही." ते एका खुर्चीवर बसले. "तुम्ही सांगा."

बाळाच्या हातून खुळखुळा पडला. मग आई उठली.

"मी पदराखाली पापड खाते, हेमू. ऐंशी वर्षांची बाई मी."

कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि धरण फुटलं. वृत्तांत लिहायला कोणी तयार नव्हतं, कारण चौदा वर्षांत कोणाला शिकूच दिलं नव्हतं. चुरींनीच वही मागवली.

सर्वसाधारण सभेचा वृत्तांत (हस्ताक्षर: हे. ग. चुरी)

ठराव १. सचिवांच्या मातोश्रींना पापड उघडपणे खाता यावेत. सूचक: मातोश्री. अनुमोदक: सौ. अश्विनी चुरी. एकमताने मंजूर.

ठराव २. सचिवांनी खालून लोकांच्या खिडक्यांतील दिवे मोजू नयेत. सूचक: निकिता नाईक. अनुमोदक: सौ. अश्विनी चुरी.

ठराव ३. वॉचमन दळवी यांनी निवेदन केले की, सचिवांची गाडी वळणावर दिसताच ते गेली नऊ वर्षे सर्व खोल्यांना मिस कॉल देत आहेत. त्यांनी या सेवेतून मुक्त करण्याची विनंती केली. अनुमोदक: सौ. अश्विनी चुरी. सचिवांनी विचारले, सर्व खोल्यांना म्हणजे ३०३ लाही का. (३०३ हे सचिवांचे घर.) दळवी म्हणाले, ३०३ लाच आधी. चर्चा झाली नाही.

ठराव ४. पेटी. श्री. गवाणकर बोलताना रडू लागल्याने ठराव पुढे ढकलण्यात आला. नंतर ते रागावून बोलू लागल्याने पुन्हा घेण्यात आला. त्यांनी सचिवांना उद्देशून वापरलेले शब्द नोंदवू नयेत असे काहींचे मत पडले. सचिवांनी नोंदवावेत असे सांगितले. 'बिनपगारी फौजदार.' अनुमोदक: सौ. अश्विनी चुरी.

७.४० वाजता सचिवांना कार्यालयातून दूरध्वनी आला. घेतला नाही.

ठराव ५ ते १६ स्वतंत्र कागदावर. जागा पुरली नाही.

ठराव १७. 'दत्तकृपा गप्पा (चुरी सोडून)' या फोनवरील गटात सचिवांना घ्यावे का. सूचक: डॉक्टर. बाजूने ९, विरोधात १७. नामंजूर. सचिवांनी निकाल मान्य केला. अनुमोदकाच्या जागी प्रथमच सौ. चुरी यांचे नाव नाही.

सचिवपदी निकिता नाईक एका मताच्या फरकाने निवडून आल्या. ते मत कोणाचे हे विचारू नये असे ठरले.

सभा ९.०५ वाजता संपली. आभार मानावयाचे राहिले.

शुक्रवारी सकाळी निकाल आला. सभेचा ताण पाइपात उतरला तेव्हा दत्तकृपाचा ताणांक एकशे चारपर्यंत गेला होता, यंत्राच्या शंभरच्या मोजपट्टीपलीकडे. पहाटेपर्यंत एकोणीसवर आला. चोवीस तासांची सरासरी चाळीस पूर्णांक तीन दशांश. मुंबई दुसरी. पहिलं व्हिएतनाममधलं दा नांग.

"एक वाक्य म्हणायचं होतं तुम्हाला, चुरी," कारखानीस मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांचा शांतपणा मोजायला यंत्राची गरज नव्हती. "एकच."

"हो, मॅडम. तोंडाशी आलं होतं."

"मग?"

"समोर बायको बसली होती."

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग फाइल उघडली. जागतिक प्रतिनिधीचं पद रद्द झालं होतं. पुढची फेरी दोन वर्षांनी. तोवर चुरींनी जुन्या पुस्तिकांच्या कोठारात बसायचं होतं. "घरी जात जा वेळेवर," त्या म्हणाल्या आणि फाइल मिटली. "म्हणजे, जात जा कधीही."

सोमवारी सकाळी चुरी डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेले. शुक्रवारपासून त्यांनी वृत्तांत चार वेळा वाचला होता. सोळा ठरावांना अश्विनीचं अनुमोदन. सूचक म्हणून तिचं नाव एकदाही नाही.

"सभेत तू स्वतःचं काहीच नाही मांडलंस," ते म्हणाले.

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण हळू झालं.

"तीन तासांच्या सभेत मांडण्यासारखं नव्हतं."

"आता मांड."

तिने मागे वळून पाहिलं. डॉक्टर, आजार, टोकियो, असलं काही त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. सापडलं नाही.

"चिडणार नाही?"

"चिडेन बहुतेक," चुरी म्हणाले. "पण ऐकेन."

अश्विनीने गॅस बंद केला, हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

"कुठून सुरू करू? नोटिशींपासून की लग्नापासून?"

"लग्नापासून."

"मग आधी ऑफिसला कळवा," ती म्हणाली, "आज येत नाही म्हणून." आणि जरा विचार करून पुढे म्हणाली, "उद्याही."